गाडीची सॅक

आमच्या हॉलमधल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात फुकटच्या सॅका रचून ठेवलेल्या आहेत. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे दर वर्षी कुठली तरी परिषद, कुठला तरी वर्धापनदिन आणि घरी आणखी एक काळी नाहीतर करडी सॅक. सगळ्या लॅपटॉपच्या मापाच्या, सगळ्यांवर कुणाचं तरी नाव छापलेलं. पुण्या-मुंबईहून जर्मनीत आलेल्या कुठल्याही आयटीवाल्याचं कपाट उघडा, हेच दिसेल. टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत.

त्यामुळे गाडीत कायमची ठेवायला एक चांगली सॅक विकत घ्यायची आहे, असं मी जेवताना जाहीर केलं तेव्हा नवऱ्याने हातातल्या चमच्याने ते कपाट दाखवलं.

विषय मी उगाच काढला नव्हता. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं हाइलब्रॉनच्या अलीकडे आउटोबानवर, म्हणजे महामार्गावर, अडकलो होतो. पुढे अपघात, रस्ता पूर्ण बंद. इकडे त्याला फोलश्पेरुंग म्हणतात. बाहेर बर्फ पडतोय आणि गाडीत पाण्याची अर्धी बाटली. आम्ही धडधाकट, म्हणून नंतर ती मित्रांना सांगायची गोष्ट झाली. या हिवाळ्यात मात्र मागच्या सीटवर आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई असणार होत्या. पुण्यातल्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या, आणि दोन्ही वेळच्या जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्या. माझा धाकटा दीर एर्लांगेनला पीएचडी करतो. त्याची खोली, त्याचं जेवणखाण स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. आम्ही राहतो त्या गेर्लिंगेनपासून एर्लांगेन तसं लांब नाही, पण मधला तो रस्ता ट्रकांचा. हिवाळ्यात त्याचा भरवसा नसतो.

इन्सुलिन घेणाऱ्या माणसाचं अन्न चुकलं की साखर कशी उतरते हे मी वाचलं होतं. मी एखादी गोष्ट वाचली की पूर्ण वाचते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील इचलकरंजीला मागावर होते, आई कांड्या भरायची. माझ्या अभ्यासाला मदत करणारं घरात कुणी नव्हतं, त्यामुळे कुणीतरी सांगेल या भरवशावर राहायची सवयच लागली नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

सॅकच का, पेटी का नाही, हेही मी घरात समजावून सांगितलं. इथे रस्त्यात गाडी बंद पडली तर आत बसून राहायचं नसतं. बाहेर पडून लोखंडी कठड्यापलीकडे उभं राहायचं असतं. पेटी धरली की हात अडकले. सॅक पाठीवर असली की एका हाताने सासूबाईंना धरता येईल, दुसऱ्या हाताने कठडा.

"म्हणजे मला ओलांडून नेणार तू कठड्यावरून," सासूबाई म्हणाल्या. "आणि हे सगळं निघायच्या आधीच ठरवून ठेवलंयस. प्रवासाला निघताना अभद्र बोलू नये, एवढं तरी पाळावं माणसाने."

मी म्हटलं, "आई, म्हणून तर महिनाभर आधी बोलतेय."

दुकानात मी तीन शनिवार घालवले. ट्रेकिंगच्या सॅका दिसायला देखण्या, पण उभ्या, वरून तोंड असलेल्या. तळाची वस्तू हवी तर आधी सगळं बाहेर काढा. एक होती नळकांड्यासारखी, तोंड गुंडाळून बंद करायची. पाणी आत जाणार नाही, पण हातमोजे घातलेल्या हाताने ती उघडेपर्यंत पेशंट गेलेला असेल. एकीला बाहेरून इतके पट्टे आणि कड्या की शिकारीला निघाल्यासारखं वाटावं. मला हवी होती सुटकेससारखी तीन बाजूंनी पूर्ण उघडणारी, आडवी ठेवली की सगळं एका नजरेत दिसणारी, छातीवर पट्टा असलेली, आणि ड्रायव्हरच्या सीटमागे मावणारी. डिकीत नको. मागून कुणी ठोकलं तर डिकी उघडतच नाही. दुकानात मी हातमोजे घालून, डोळे मिटून, एका हाताने चेनी उघडून बघत होते. विकणाऱ्या मुलीने नम्रपणे विचारलं, नॉर्वेला जाताय का? म्हटलं, नाही, एर्लांगेनला.

शेवटी एक लाल सॅक मिळाली. मी गेर्लिंगेनच्या एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत टेस्टिंगला आहे. गाड्यांचे भाग थंडीत ठेवायचे, तडकतात का बघायचं, हे माझं रोजचं काम. तेव्हा ती सॅक मी रात्रभर बाल्कनीत ठेवली, वर पाणी शिंपडून. सकाळी बर्फाचा पापुद्रा धरला होता. चेन एका हिसक्यात उघडली, बकल तडकलं नाही. नवऱ्याने कॉफी पिता पिता काचेतून हा प्रकार बघितला आणि मला विचारलं, सर्टिफिकेट देणार का तिला.

सासूबाईंनीही बघितला. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात चार पिढ्या शिकलेल्या. पण बॅगेवर असा अभ्यास कुणी केला नाही."

"आमच्या घरात मी पहिलीच शिकले, आई. म्हणून पोर्शन पूर्ण करते."

यावर त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. चिडल्या की खूश झाल्या ते तेव्हा कळलं नाही.

सॅकमध्ये पांघरूण, टॉर्च, चमकणारी जाकिटं, फोन चार्ज करायची सोय, पाणी. आणि पुढच्या कप्प्यात फक्त खायचं: बिस्किटं, चिक्की, ज्यूसची छोटी खोकी आणि ट्राउबेनत्सुकर, म्हणजे जिभेवर विरघळणाऱ्या ग्लुकोजच्या वड्या. तो कप्पा मी सासूबाईंना दोनदा उघडून दाखवला. हा तुमचा, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला. आजाराबद्दल बोलायला त्यांना आवडत नसे. इंजेक्शन त्या बाथरूममध्ये जाऊन, कडी लावून घेत. घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट रोज दोन वेळा लपवली जायची.

एर्लांगेनला जाताना काही झालं नाही. दिराची खोली विद्यापीठाच्या मागच्या बाजूला, एकाच खोलीत सगळं. आम्ही शेजारच्या गेस्टहाउसमध्ये उतरलो. सासूबाईंनी पुण्याहून आणलेला आणि गेर्लिंगेनला केलेला सगळा फराळ स्टीलच्या डब्यांतून त्याच्या टेबलावर मांडला. पोरगं वाळलं होतं हे खरंच. सायकलवरून इन्स्टिट्यूटला जायचं, कँटीनमध्ये मिळेल ते खायचं. त्याच्या सॅकचा एक पट्टा तुटलेला होता, तो त्याने गाठ मारून चालवला होता. चेनही गेलेली. आदल्या आठवड्यात पावसात लॅपटॉप भिजला, हे त्याने हसत हसत सांगितलं. सासूबाई हसल्या नाहीत.

निघायच्या दिवशी सकाळी उशिरा, सामान ठेवायला गाडीची किल्ली दिराकडे देऊन, मी आणि नवरा चालत बेकरीत कॉफी प्यायला गेलो. परत आलो तोपर्यंत सासूबाई कोट घालून तयार, सामान खाली आणलेलं, रिकामे डबे धुऊन पिशवीत भरलेले. आपल्या डब्यांच्या बाबतीत त्या फार काटेकोर. झाकणासकट मोजून परत न्यायच्या. डिकीत सगळं दिरानेच लावलं. तो जरा गप्प होता. मला वाटलं, आई चालली म्हणून. नवरा म्हणाला, अर्ध्या तासात पहिल्याच रास्टहोफला, म्हणजे हायवेवरच्या हॉटेलला, जेवायला थांबू, तिथे सूप चांगलं मिळतं. हे वाक्य त्याने सहज टाकलं. सासूबाई म्हणाल्या, मी जरा आत जाऊन येते.

त्या बाथरूमला जाऊन आल्या, आणि आम्ही निघालो.

न्युर्नबर्ग मागे पडलं आणि बर्फ सुरू झाला, गाड्या रांगायला लागल्या. आन्सबाखच्या पुढे, रास्टहोफ यायच्या आधीच, समोरच्या गाड्यांचे धोक्याचे दिवे एकामागून एक लुकलुकायला लागले. नवऱ्याने वेग कमी केला, मग थांबला. रेडिओवर सांगितलं, पुढे ट्रक आडवा झालाय, फोलश्पेरुंग. गाड्या शिस्तीत दोन्ही कडांना सरकल्या, मधून ॲम्ब्युलन्ससाठी वाट झाली. इंजिनं बंद झाली. एक पोलिसांची गाडी मधल्या वाटेने गेली, मग एक क्रेन, मग बराच वेळ काहीच नाही.

मी निर्धास्त होते, खरं सांगते. मनातल्या मनात थोडी खूशही. सॅक आहे. नवऱ्याला म्हणायचं एक वाक्यही तयार होतं.

सासूबाई गप्प होत्या. पहिली खूण तीच होती. एरवी नवरा गाडी चालवत असताना त्या मागून मुख्याध्यापिकेसारखी गाडी चालवतात: पुढचा ब्रेक मारतोय बघ, तू फार जवळ जातोस. आता गाडी थांबून इतका वेळ झाला तरी जर्मन सरकारबद्दलसुद्धा काही बोलल्या नव्हत्या. मी वळून पाहिलं. काचांवर आतून दव धरलेलं, आम्ही दोघं कोटात आखडलेले, आणि त्यांच्या वरच्या ओठावर, कपाळावर घाम. हाताने शालीच्या दश्या एकेक करून ओढत होत्या.

"आई, बरं वाटत नाहीये का?"

"काही नाही गं, ताई," त्या म्हणाल्या.

मला त्यांनी आयुष्यात कधी ताई म्हटलेलं नाही. ताई त्यांची थोरली बहीण.

मी सीटबेल्ट काढला आणि सीटमागे हात घातला. तिथे सॅक नव्हती. नवऱ्याला विचारलं, हलवलीस का? तो म्हणाला, मी हातही लावला नाही. मी उतरून डिकी उघडली. सुटकेसखाली एक किराणा दुकानाची मोठी पिशवी होती. तिच्यात पांघरूण, टॉर्च, जाकिटं, पाणी, सगळं नीट घडी करून. खायच्या वस्तू नव्हत्या. मी पिशवी रस्त्यावर उलटी केली. एक वडीसुद्धा नाही.

तेवढ्यात काय झालं असेल ते कळलं. आम्ही बेकरीत गेलो तेव्हा सासूबाईंनी सॅक दिराला देऊन टाकली होती. पोराची सॅक फाटलेली, आणि इथे एक चांगली सॅक गाडीत लोळतेय. पोरगं वाळलेलं, आणि इथे एक कप्पाभर खाऊ तसाच पडलेला. कुठलीही आई हेच करेल. आमच्याकडची तर नक्कीच. मुलाच्या घरून निघताना आपल्या पिशवीत खायची एक वस्तू शिल्लक राहिली तर तिला रात्रभर झोप लागायची नाही.

चिडायला वेळ नव्हता. मी मागचं दार उघडून त्यांच्या शेजारी बसले. हात गार, चिकट. नवऱ्याचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, साखर उतरलीय. तो म्हणाला, कशी उतरेल, अजून जेवलेली नाही, म्हणजे इंजेक्शनही घेतलेलं नाही, ती कायम जेवायच्या आधीच घेते. उलट सकाळी दोन वेळा जॅम खाल्लाय, साखर वाढली असेल, आणि वाढलेल्यावर तू साखर दिलीस तर? साखर मोजायचं मीटर कुठल्या बॅगेत आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. आमची दोघांची तिथे, त्यांच्या डोक्यावरून, दबक्या आवाजात वादावादी झाली. तो त्यांचा मुलगा होता. आणि त्याचं म्हणणं तर्काला धरून होतं.

मी त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी माझ्याकडे वळवला. सासूच्या चेहऱ्याला असा हात मी पहिल्यांदा लावला.

"आई, माझ्याकडे बघा. इंजेक्शन घेतलंत का? खरं सांगा, मी कुणावर रागावणार नाही."

त्यांनी डोळे माझ्यावर आणायचा प्रयत्न केला. "निघताना," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तासात जेवायचंय म्हणाला ना. तिथल्या संडासात कोण घेणार."

 नवऱ्याने मदतीचा एकशे बारा नंबर फिरवला. पलीकडच्या बाईने शांतपणे सगळं विचारलं, कुठे आहात, शुद्धीत आहेत का, गिळता येतंय का. ॲम्ब्युलन्स पाठवतो, पण बर्फ आहे, वेळ लागेल, तोपर्यंत गोड काहीही द्या, झोपू देऊ नका. तो जर्मनमध्ये "या, या, गेनाऊ", हो, हो, बरोबर, म्हणत होता आणि त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

मी चमकणारं जाकीट चढवलं आणि गोड मागायला निघाले.

मला मागता येत नाही. लहानपणी साखर संपली की माझी आई मला वाटी देऊन शेजारी पाठवायची. मी जिन्यात बसून राहायचे आणि परत येऊन सांगायचे, त्यांच्याकडे पण नाही. आणि आता मी आउटोबानच्या कडेने अनोळखी गाड्यांच्या काचांवर बोटं वाजवत होते. पुढच्या गाडीत एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांनी काच चार बोटं खाली केली, माझं ऐकलं, लगेच डॅशबोर्ड उघडून गोळ्यांची डबी दिली. डबीवर लिहिलं होतं, साखरविरहित. आजींनी मागून कोलाची बाटली काढली. तीही बिनसाखरेची. त्यांनाही मधुमेह होता, त्यामुळे गाडीत गोड काही ठेवतच नाहीत, असं त्या फार वाईट वाटून सांगत होत्या. त्यापुढच्या ट्रकचे पडदे ओढलेले होते, दारावर मूठ आपटली तरी कुणी उठलं नाही. त्याच्या पुढच्या गाडीतल्या बाईने सफरचंद दिलं. मी धावत परत आले, पाय दोनदा घसरला.

सफरचंदाचा तुकडा सासूबाईंच्या तोंडात तसाच राहिला. चावत नव्हत्या. नवरा त्यांच्या गालावर हलक्या चापट्या मारत "आई, ए आई, झोपू नकोस" म्हणत होता. मी घाबरून तो तुकडा बोटाने काढला. आता यांनी काही गिळलं नाही तर काय, हा विचार मी पूर्ण होऊ दिला नाही.

"डबा," सासूबाई म्हणाल्या.

"आहेत, आई. डबे आहेत सगळे. परत आणलेत," नवरा म्हणाला.

"डबा बघ."

"बघतो. आहेत ते. तू जागी राहा."

त्याला वाटलं, भ्रमात आपले डबे मोजतेय. मलाही आधी तेच वाटलं. पण त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या, आणि तेव्हा त्या मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या, सोप्या प्रश्नाचं उत्तर वर्गात कुणालाच येत नाही तसं. "अरे, रिकामा नाही देणार तो."

मी डिकीकडे धावले. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही हे आमच्या इचलकरंजीतही होतं, त्यांच्या पुण्यातही होतं. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची. पण एर्लांगेनमधला पीएचडीचा पोरगा, जो कपडे इस्त्री करत नाही, ज्याच्या फ्रिजमध्ये मोहरीची बाटली आणि अंडी, तो हे करेल असं माझ्या मनातही आलं नसतं. पहिला डबा उघडला, रिकामा. दुसरा, रिकामा. सगळ्यात मोठ्या डब्यात, लाडूंच्या, तळाशी एक कागदी रुमाल होता, चार टोकं एकत्र मुरगळलेला. त्यात मूठभर साखर.

बोटं इतकी गारठली होती की कागद उलगडेना. मी तो दातांनी फाडला. नवऱ्याने पाण्याच्या बाटलीच्या झाकणात थोडं पाणी ओतलं. मी साखर ओली करून बोटाने त्यांच्या ओठांच्या आत, गालाच्या कडेला लावली. पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा जीभ हलली. मग त्यांनी गिळलं. मी पुन्हा लावली.  बर्फ काचेवर पडून घसरत होता. नवरा मागच्या दारात गुडघ्यांवर बसला होता, त्याच्या पँटीला खालून ओल चढत होती आणि त्याला कळत नव्हतं. मग त्यांनी बोट चोखायचं थांबवून झाकण स्वतःच्या हातात घेतलं. अर्धं सांडलं, पण घेतलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या जाकिटाकडे पाहिलं आणि विचारलं, हे काय घातलंयस. तेव्हा नवरा उठला, गाडीच्या पलीकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

मधल्या वाटेने ॲम्ब्युलन्स आली तोपर्यंत सासूबाई ताठ बसल्या होत्या. आलेल्या माणसाने बोट टोचून मोजलं, नळीतून काहीतरी गोड जेल दिलं, परत मोजलं. आकडा वर येतोय, वेळेत दिलीत साखर, म्हणाला. आता यांना खरं जेवण द्या, आणि पुन्हा असं वाटलं तर लगेच फोन करा. दवाखान्यात यायचं का, हे त्याने विचारलं तेव्हा सासूबाईंनी मला सांगितलं, त्याला थँक यू म्हण आणि सांग, मी ठीक आहे. मी पहिलं भाषांतर केलं. दुसऱ्याऐवजी विचारलं, थांबून अजून एकदा मोजाल का? तो थांबला, आणि पुन्हा मोजल्यावरच गेला.

रस्ता सुटायला संध्याकाळ झाली. तोवर मी मागेच बसले होते. पुढच्या गाडीतल्या आजी एकदा उतरून बघून गेल्या आणि आपल्याकडचा पाव सासूबाईंना देऊन गेल्या. दिराचा फोन आला, पोचलात का विचारायला. नवऱ्याने फोन स्पीकरवर टाकला आणि त्याच्या तोंडून सगळं एकदम बाहेर पडलं, सॅक, खाऊ, इंजेक्शन, सगळं.  मग दीर म्हणाला, "वहिनी, मी आईला म्हटलं होतं, वहिनीला विचार. ती म्हणाली, मी सांगेन घरी गेल्यावर. मी आत्ता घेऊन निघतो सॅक."

"कुठेही निघू नकोस," मी म्हटलं. "बर्फ आहे. सॅक तुझी झाली. तिची चेन थंडीत अडकत नाही, बघितलंय मी. आणि साखर घातलीस ते फार बरं केलंस."

"डब्यात? ती घालायचीच असते ना," तो म्हणाला. त्याला कळलंच नाही मी काय बोलतेय.

नवऱ्याला मात्र राग आला होता, उशिरा आणि सगळाच एकदम. तो आरशातून आईला म्हणाला की तिला घरात बसून सगळ्यांचं सगळं ठरवायचं असतं, कुणाला विचारायचं नसतं.  मीच म्हटलं, आत्ता गाडी चालव.

रास्टहोफवर त्यांनी सूप घेतलं, ब्रेड घेतला, माझ्या ताटातला बटाटाही घेतला. नवरा मीटर शोधायला गाडीकडे गेला. दुकानात जाऊन मी ग्लुकोजच्या वड्यांची पाकिटं घेऊन आले आणि टेबलावर न ठेवता सरळ त्यांच्या कोटाच्या खिशात घातली. दोन्ही खिशांत. सॅक कितीही पारखून घेतली तरी ती गाडीची. ती कुणाच्या तरी मागे राहते, कुणाला तरी दिली जाते. साखर माणसाच्या अंगावर हवी. हे मला तीन शनिवार दुकानात उभं राहून सुचलं नव्हतं. नंतर आम्ही गाडीसाठी दुसरी सॅक घेतलीही, तशीच, पण तिच्यावर मी फार वेळ घालवला नाही.

सासूबाईंनी खिसे चाचपून बघितले. मग चष्मा काढून शालीने पुसला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि ते त्यांना जड जात होतं. मी मदत केली नाही. मी समोर बसून राहिले.

"मी त्याला दिली ती सॅक," त्या म्हणाल्या. "तुला विचारायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. "विचारायला हवं होतं. पण सॅकचं जाऊ द्या, आई. तुम्ही इंजेक्शन घेतलंय हे आम्हाला माहीत नव्हतं. त्याने मला जवळजवळ थांबवलं होतं. तुम्ही ते एक वाक्य बोलला नसतात तर मी थांबलेही असते."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर नवरा डिकीत डोकं घालून सुटकेस उघडत होता.

"यापुढे सांगत जाईन," त्या म्हणाल्या. "त्याला नाही. त्याला सांगितलं की तो घाबरतो. तुला सांगेन."

"सांगा. पण घ्यायच्या आधी सांगा, घेतल्यावर नको. आणि जेवण समोर आल्याशिवाय घ्यायचं नाही, मग ते रास्टहोफ असो नाहीतर आणखी कुठे. कडी लावून तर मुळीच नाही."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

त्यांनी आजूबाजूच्या टेबलांकडे पाहिलं, जेवणाऱ्या ट्रकवाल्यांकडे, बर्फाच्या बुटांतल्या कुटुंबांकडे. रात्रीचं इंजेक्शन अजून व्हायचं होतं. घरी पोचायला उशीर होणार होता.

"मग आज घरी गेल्यावर तू बस माझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "आधी वाढ, मग बस."